डावीकडे धातू, उजवीकडे अधातू? एवढं सोपं नाही

ऐरोली-घणसोलीतल्या दहावीच्या पालकांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतो आहे: 'आवर्तसारणी एका मिनिटात! नागमोडी रेषेच्या डावीकडे सगळे धातू, उजवीकडे सगळे अधातू, रेषेला चिकटलेले धातुसदृश. धातू घन, चकचकीत, वीज वाहणारे; अधातू याच्या उलट.' (आवर्तसारणी म्हणजे मूलद्रव्यांचा तक्ता; धातुसदृश म्हणजे धातू आणि अधातू यांच्या मधल्या गुणांची मूलद्रव्यं.) मुलं हे पाठ करून शिकवणीला येतात आणि मग ते पुसून काढताना माझी दमछाक होते. म्हणून एकेक मुद्दा घेते.

'डावीकडे सगळे धातू.' हे पहिल्याच चौकोनात कोसळतं. हायड्रोजन गण 1 मध्ये, म्हणजे पहिल्या उभ्या स्तंभात, सोडियमच्या वर बसतो, कारण दोघांच्याही बाह्यतम कवचात एकच इलेक्ट्रॉन. पण तो काढून घ्यायला सोडियमच्या बाबतीत मोलमागे 496 किलोज्यूल पुरतात, हायड्रोजनला 1312 लागतात. इलेक्ट्रॉन सहज सोडणं हा धातूचा गुण. हायड्रोजन तो सहसा सोडत नाही, दुसऱ्या अणूशी वाटून घेतो. सारणीतली जागा इलेक्ट्रॉन संरूपणावरून, म्हणजे कवचांतल्या इलेक्ट्रॉनांच्या मांडणीवरून मिळते. धातू की अधातू हे मूलद्रव्य वागतं कसं यावरून ठरतं. मेसेजने नेमकी इथेच गल्लत केली आहे.

'धातू घन.' पारा सर्वांना माहीत असतो. गॅलियम 29.8 अंश सेल्सिअसला वितळतो, म्हणजे मे महिन्यातल्या दुपारी इथल्या कपाटात तो द्रवच असेल. आणि चकाकी तर आयोडीनच्या स्फटिकांनाही असते.

'अधातू वीज वाहत नाहीत.' याचा मला सर्वांत जास्त राग येतो, कारण उत्तर घरातच आहे. मिक्सर दुरुस्त करणारा 'कार्बन गेलेत, बदलावे लागतील' म्हणतो, तेव्हा तो अधातूबद्दलच बोलत असतो. मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवतात ते हेच तुकडे, आणि त्यांत ग्रॅफाइट असतं. ग्रॅफाइटमध्ये प्रत्येक कार्बन अणू तीन शेजाऱ्यांशी बांधलेला असतो, त्याचा चौथा इलेक्ट्रॉन थरभर मोकळा फिरतो. हिऱ्यात चारही इलेक्ट्रॉन बंधांत अडकतात, म्हणून वीज वाहत नाही. उष्णता मात्र हिरा तांब्यापेक्षाही कितीतरी चांगली वाहून नेतो. मूलद्रव्य एकच, चौकोनही एकच.

'रेषेला चिकटलेले धातुसदृश.' अ‍ॅल्युमिनिअम रेषेला लागून आहे, तरी धातू आहे. जर्मेनिअम आणि अँटिमनी बऱ्याच तक्त्यांत रेषेच्या डावीकडे पडतात, तरी धातुसदृश मानले जातात. पोलोनिअमबद्दल रसायनशास्त्रज्ञांतच एकमत नाही. तापवल्यावर तांब्याची, म्हणजे धातूची, वीजवाहकता घटते; सिलिकॉन या धातुसदृशाची वाढते. असा फरक मोजल्याशिवाय कळत नाही.

मुलांना ओळख पटवायची असेल तर ऑक्साइड, म्हणजे मूलद्रव्याचं ऑक्सिजनशी झालेलं संयुग, दाखवा: धातूचं ऑक्साइड सहसा आम्लारिधर्मी असतं, ते लाल लिटमस कागद निळा करतं; अधातूचं सहसा आम्लधर्मी, ते निळा लाल करतं. मॅग्नेशिअमची फीत जाळून तिची राख पाण्यात ढवळली की लाल लिटमस निळा होतो. जळत्या गंधकाचा वायू ओला निळा लिटमस लाल करतो. यानंतर अ‍ॅल्युमिनिअमचं ऑक्साइड घ्या: ते आम्लाशीही अभिक्रिया करतं आणि आम्लारीशीही.