तांबट आळीतला पत्रा येतो कुठून?

गेल्या रविवारी आजीचा तांब्याचा बंब घेऊन कसब्यातल्या तांबट आळीत गेले होते. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, मोडीत घाला. तळ गळत होता, बाकी अंग ठणठणीत. तिथल्या तांबट काकांनी बंब पालथा घातला, बोटाने वाजवून पाहिला आणि म्हणाले, "ताई, एवढा जाड पत्रा आता परवडत नाही. सकाळी उठून आधी मोबाईलवर लंडनचा भाव बघतो, मग कामाला बसतो."

ते वाक्य डोक्यातून जाईना. पेशवाईत तांब्याची भांडी घडवणाऱ्या ज्या त्वष्टा कासारांना पुण्यात वसवलं, त्यांच्या आळीत लंडनच्या धातुबाजारातला भाव का बघावा लागतो?

आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात खाणीजोगं तांबं नाही, कधीच नव्हतं. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्यांकडे तांब्याच्या वस्तू होत्या, पण मोजक्या. रोजची पाती गारगोटीसारख्या दगडाचीच. आणि दायमाबाद! १९७४ साली प्रवरेकाठी झाडाचं मूळ खणताना प्राचीन काळची धातूची चार शिल्पं सापडली: रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. चौघांचं मिळून वजन साठ किलोंहून जास्त. ज्या मुलखात खनिजाचा खडा नाही तिथे एवढा धातू कोणी, किती लांबून आणला असेल, या विचाराने मी आजही थक्क होते.

खाणी होत्या अरवलीत. राजस्थानातल्या खेत्रीच्या पट्ट्यात, गणेश्वरला, साडेचार हजार वर्षांपूर्वीपासून तांबं गाळलं जात होतं. पुढे झारखंडात घाटशिलाजवळ इंग्रजांच्या कंपनीने खाणी चालवल्या, त्या १९७२ मध्ये सरकारकडे आल्या. आज तांब्याचं खनिज काढणारी देशात मुख्यतः एकच कंपनी आहे, १९६७ साली स्थापन झालेली सरकारी हिंदुस्थान कॉपर. तिची सर्वांत मोठी खाण मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडला आहे. तिथे शंभर किलो दगड फोडला की जेमतेम एक किलो तांबं हाती लागतं.

म्हणूनच गुजरातेतले दहेजचे, मुंद्र्याचे मोठे कारखाने चिलीसारख्या देशांतून आणलेलं खनिज वितळवतात. २०१८ मध्ये तमिळनाडूत तुतिकोरिनला तांबं गाळणाऱ्या कारखान्याच्या प्रदूषणाविरुद्धच्या आंदोलनात गोळीबार झाला, तेरा माणसं गेली, कारखाना बंद पडला आणि शुद्ध तांबं निर्यात करणारा आपला देश ते आयात करू लागला. लोक चुकले असं मी कधीच म्हणणार नाही. ज्यांच्या विहिरीचं पाणी बिघडतं त्यांना देशाची गरज ऐकवून गप्प करता येत नाही.

पण गरज खरी आहे. बॅटरीवरच्या गाडीला पेट्रोलच्या गाडीपेक्षा साधारण तिप्पट तांबं लागतं आणि चाकणला आपण अशा गाड्या अभिमानाने बनवतो. २०२३ मध्ये सरकारने तीस महत्त्वाच्या खनिजांची यादी काढली, त्यात तांबं आहे. माझं मत स्पष्ट आहे: आपल्या खाणी आणखी खोल न्याव्यात, नवे साठे शोधावेत. मात्र २०१५ च्या कायद्याने प्रत्येक खाण जिल्ह्यात जो खनिज निधी उभा राहतो, तो आधी खाणीला खेटून असलेल्या गावांच्या पाण्यावर आणि दवाखान्यांवर खर्च व्हावा. त्याचा हिशेब ग्रामसभेत वाचला जावा. चाकणची गाडी घेणाऱ्यांनीही तो मागायला हवा.

आणि घरातली तांब्याची भांडी किलोच्या भावाने काढून टाकण्याआधी एकदा आळीत दाखवून या. आमचा बंब पुढच्या बुधवारी मिळणार आहे. काका तळ बदलून, ठोके देऊन, आतून कल्हई करून देणार आहेत.