माझ्या आईच्या कचऱ्याला आणि वाढदिवसाच्या कचऱ्याला एकच रेट का?

आज सकाळी आईच्या बिल्डिंगची मीटिंग होती, जुळे सोलापूरला, खाली पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून. कचऱ्याचे महिन्याला ८० घ्यायचे ते आता १५० केले, सगळ्या फ्लॅटला सरसकट. हात वर करा म्हणाले, झाले हात वर, विषय संपला. आईनं पण केला हात वर. तेव्हापासून माझं डोकं फिरलंय.

माझ्या आईचा कचरा किती असतो माहितीय का? चार दिवसांचा मिळून श्रीखंडाच्या एक किलोच्या डब्यात बसतो. आता एकटी राहते म्हणून नाही, विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, आम्ही पाच जण होतो तेव्हा पण फार काही वेगळं नव्हतं. भाजीची देठं शेजारच्या शेळीला, रद्दी दुकानात, चादरीच्या कारखान्यातनं आणलेल्या चिंध्यांची वाकळ. दुधाची पिशवी ती अजून पण कोपरा पूर्ण न तोडता कापते, तो तुकडा पिशवीलाच लटकत राहिला पाहिजे, नाहीतर मोरीत जातो म्हणते. मग धुवून दोरीवर चिमट्याला लावते. २०१८ ला प्लास्टिकबंदी आली तेव्हा दुधाच्या पिशवीचे ५० पैसे परत द्यायचं ठरलं होतं, आई तर त्याच्या कितीतरी आधीपासून पिशव्या साठवून भंगारवाल्याला देतेय.

आणि परवा वरच्या मजल्यावर वाढदिवस झाला. सहा काळ्या पिशव्या जिन्यात, थर्माकोलच्या प्लेटा, उरलेली बिर्याणी, फुगे, केकचा खोका आणि त्यातच फुटलेली बाटली. झाडायला येणाऱ्या मावशींनी पिशवी उचलली तर काच बाहेर आलेली, अंगठा चिरला त्यांचा. आईनं हळद दाबली, चिंधी बांधली. त्या घराचे पण १५०, आईचे पण १५०. कुठला न्याय ओ हा?

लाईट बिल युनिटवर येतं ना? मग कचरा काय फुकट उचलला जातो का? पिशवीवर पैसे घ्या की. दक्षिण कोरियात १९९५ पासून हेच चालू आहे, ठरलेल्या पिशव्या विकत घ्यायच्या, पिशवीच्या किमतीतच कचरा उचलायचे पैसे आले, आणि कागद, बाटल्या, डबे वेगळे काढून ठेवले तर त्याचे काही पैसे नाहीत. २०१३ पासून तर उरलेल्या अन्नाचे पण तिथं वेगळे पैसे पडतात, बऱ्याच बिल्डिंगमध्ये डब्यालाच वजनकाटा असतो, ताटात जेवढं टाकलं तेवढं बिल. आपल्याकडे ओला-सुका वेगळा ठेवा हे २०१६ पासून नियमात लिहिलेलंच आहे पण नुसतं सांगून कोण ऐकतंय, खिशाला लागलं की बरोबर दोन डबे होतात घरात.

हो, काही जण पैसे वाचवायला रात्री कोपऱ्यावर नेऊन टाकतील, पेटवतील, मान्य आहे. ते आता पण टाकतातच. आणि ज्यांच्या घरात दहा माणसं आहेत किंवा अंथरुणावरचं पेशंट आहे त्यांना काही पिशव्या माफ ठेवा, त्याला माझी काही हरकत नाही.

पण मीटिंगमध्ये एक जण आईला म्हणाले, काकू दीडशे रुपयाला काय होतंय आजकाल, एक पिझ्झा पण येत नाही. मला एवढा राग आला ना! माझ्या आईनं हजार विड्या वळल्याशिवाय दिवस भरायचा नाही, तिला विचारा दीडशे म्हणजे काय ते. आणि प्रश्न दीडशेचा नाहीच आहे, जिनं आयुष्यभर दोरा पण टाकून दिला नाही तिनं वरच्या घराच्या पार्टीचा कचरा उचलायचे पैसे का द्यायचे?

आई मला गप्प बस म्हणाली. घरात आल्यावर म्हणाली, "मावशीचा पगार वाढणार असंल तर देऊ की गं दीडशे." तिच्या डोक्यात अजून तो अंगठाच होता. मी एवढा वेळ रेटवरनं भांडत होते आणि मावशींना किती मिळणार हे विचारलंच नाही मी.

मग दुपारी बसून अर्ज लिहिलाय. पिशवीमागे १० रुपये, वेगळा केलेला सुका कचरा फुकट, काच कागदात गुंडाळून वेगळीच द्यायची, आणि जमलेल्या पैशातनं आधी मावशींचा पगार आणि हातमोजे. पुढच्या रविवारी परत मीटिंग आहे. बिल्डिंगमधले जे कोणी हे वाचताय त्यांनी त्याआधी एकदा आईकडे येऊन जा, तळमजला, जिन्याच्या उजव्या हाताला, दोरीवर दुधाच्या पिशव्या दिसतील तेच घर.