ऑइलच्या दिव्याबद्दलच्या आपल्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर,

रिव्ह्यू वाचला. गाडीचा ऑइलचा दिवा लुकलुकत होता, आम्ही ‘बेअरिंग बदला’ म्हणून मोठं काम काढलं, आणि दुसरीकडे नुसतं जाड ऑइल टाकल्यावर दिवा गेला; म्हणजे आम्ही लुटायला बसलोय, असं आपलं म्हणणं. आपण जाहीर लिहिलंत, म्हणून उत्तरही इथेच देतो.

डॅशबोर्डवरचा तो दिवा ऑइलचं प्रेशर मोजत नाही. इंजिनवरचा एक साधा स्विच तो लावतो, प्रेशर साधारण 4 ते 7 पीएसआयच्या (प्रेशर मोजायचं एकक) खाली गेलं की. त्याच्या वर 8 असो नाहीतर 40, दिवा बंदच. शिवाय स्विच स्वतःच बिघडलेला असू शकतो. म्हणून आधी तो काढून त्या जागी प्रेशर मोजणारा गेज लावला, तेव्हा आपण शेजारीच उभे होतात. इंजिन पूर्ण तापल्यावर स्लोमध्ये, म्हणजे रेस न देता, काटा 5 च्या आसपास, 2000 आरपीएमला जेमतेम 12. नेमका आकडा प्रत्येक इंजिनच्या मॅन्युअलमध्ये असतो, पण ढोबळ हिशोब हजार आरपीएममागे 10 पीएसआयचा, म्हणजे 2000 ला 20 हवं. नुसता स्विच बदलून भागलं असतं, तर तेवढंच बिल झालं असतं.

चेंबर, म्हणजे इंजिनखालचं ऑइलचं भांडं, आपल्याला विचारूनच उतरवलं. पंपाची जाळी गाळाने बरीच बुजली होती, ती साफ केली. जादा प्रेशर सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह मोकळा होता, पंपही मापात. तरी काटा फारसा हलला नाही. मग एका कनेक्टिंग रॉडची (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) कॅप खोलली, तर बेअरिंगचा वरचा राखाडी थर जाऊन खालचं तांबं दिसत होतं. फोटो आपल्याला तेव्हाच पाठवलाय. पंप फक्त ऑइल ढकलतो. बेअरिंगमधल्या बारीक फटीतून ते अडत अडत जातं, म्हणून प्रेशर टिकतं. फट वाढली की नवा पंप लावूनही खरा उपाय होत नाही.

जाड ऑइल टाकणाऱ्याला मी चोर म्हणणार नाही. गाडी वर्षभरात काढूनच टाकायची असेल, तर मीही कदाचित 20डब्ल्यू-50 हे जाड ऑइल सुचवेन. पण ते सांगून. जाड ऑइलने काटा थोडा वर येतो, झीज आहे तिथेच राहते, आणि थंड इंजिन सुरू करताना तेच ऑइल वरच्या भागांपर्यंत उशिरा पोचतं.

घाई करा म्हटलं, त्याला कारण क्रँक, म्हणजे या बेअरिंगमध्ये फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा. आज त्यावर ओरखडे नाहीत, स्टँडर्ड साईजची बेअरिंग बसून जातील. ओरखडे पडले की क्रँक बाहेर काढून ग्राइंडिंग, मग घासून बारीक झालेल्या क्रँकला बसणारी अंडरसाईज बेअरिंग. ते खरं मोठं काम.

गेज लावून पुन्हा बघायचं असेल तर या, त्याचे पैसे घेणार नाही. मात्र रेस दिल्यावर खालून ठोकल्यासारखा आवाज येऊ लागला, तर इंजिन तिथेच बंद करा आणि गाडी टो करून आणा.