‘आई-वडील असताना केंद्र कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांसाठी प्रत्येक तालुक्यात दिवसभराचे केंद्र आणि गरजेनुसार चार-आठ दिवस राहण्याची सोय असावी, असे मी मागील लेखात लिहिले होते. त्यावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल आभार. मुलाला सांभाळणे हे आई-वडिलांचे कर्तव्य आहे, अशी केंद्रे म्हणजे ते झटकण्याची पाश्चात्त्य पळवाट आहे आणि सरकारी योजना असताना आणखी मागण्या करणे रास्त नाही, असा आपला आक्षेप आहे.

ज्या घरांविषयी मी लिहिले, त्यांपैकी एकाही घराने कर्तव्य टाळलेले नाही. माझ्या परिचयाचे एक कुटुंब आहे. मुलगा सव्वीस वर्षांचा, बोलत नाही. ट्रिमरचा आवाज त्याला सहन होत नाही, म्हणून वडील रेझरने त्याची दाढी करत. ते गेल्यापासून पासष्टी ओलांडलेली आई करते. मिक्सर लावण्यापूर्वी ती त्याला स्वयंपाकघरात बोलावते, भांडे दाखवते, त्याचा हात मिक्सरवर ठेवते आणि मगच बटण दाबते, कारण अचानक आवाज झाला की तो स्वतःचे मनगट चावतो. या माउलीला मोतीबिंदूचे ऑपरेशन करून घ्यायचे आहे, पण ते सारखे पुढे ढकलले जात आहे, कारण त्या दिवसांत मुलाजवळ कोण थांबणार, याचे उत्तर तिच्याकडे नाही. तिला मुलाला दूर ठेवायचे नाही. त्याला पुढची दहा वर्षे सांभाळता यावे, म्हणून तिला डोळे हवे आहेत.

विशेष शाळा साधारण अठराव्या वर्षी संपते. कार्यशाळेत जागा मिळाली तर ठीक, नाहीतर पिशव्या चिकटवणारा, ठरलेल्या वेळी डबा उघडणारा, बसथांबा ओळखणारा मुलगा दिवसभर घरात बसतो आणि वर्षानुवर्षे कष्टाने शिकवलेले एकेक सुटत जाते. त्याच वयात कायद्याने आई-वडिलांचे नैसर्गिक पालकत्वही संपते आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. आधाराची गरज सर्वाधिक असते, तेव्हाच दिनक्रम मोडतो, ही माझ्या लेखातली मूळ तक्रार होती.

ही कल्पना परकी आहे, हे मला मान्य नाही. आपल्याच संसदेने केलेल्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील पाचवे कलम समाजात राहण्याचा हक्क देते आणि त्यासाठी घरात, निवासात व समाजात मिळणाऱ्या आधारसेवांचा, व्यक्तिगत मदतनिसासह, स्पष्ट उल्लेख करते. संगाथ या संस्थेने गोव्यात, आणि त्याच प्रयोगात पाकिस्तानातील रावळपिंडीत तिथल्या सहयोगी संस्थेने, तज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षित कार्यकर्त्यांकरवी स्वमग्न मुलांच्या पालकांना मार्गदर्शन केले. ६५ मुलांच्या त्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. सर्वच बाबतींत सुधारणा दिसली नाही. परंतु पालकांचा मुलांना मिळणारा प्रतिसाद अधिक जुळता झाला आणि मुले आपणहून संवाद सुरू करू लागली. येथे पालकांना बाजूला सारलेले नाही, त्यांच्या हातालाच बळ दिले आहे.

योजनांविषयी आपले म्हणणे अर्धे खरे आहे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यविमा संरक्षण देते, त्यात थेरपीचाही समावेश आहे, आणि प्रत्येक पालकाने ती घ्यावी असे मी आग्रहाने सांगतो. मात्र विमा बिल भरतो. तो त्या आईच्या घरी चार दिवस थांबणारे माणूस देत नाही. अशा थोड्या दिवसांच्या आणि आयुष्यभराच्या निवासासाठी समर्थ-घरौंदा ही एकत्रित योजना न्यासाकडेच आहे, म्हणजे गरज शासनाने मान्य केलेलीच आहे. पण ती नोंदणीकृत संस्थांमार्फत चालते आणि तालुक्यात तशी संस्थाच नसेल, तर पालकांच्या हाती केवळ माहितीपत्रक येते.

भावंडे पुढे पाहतीलच, असेही आपण म्हणता. अनेक भावंडे पाहतातही. परंतु ‘आमच्या माघारी याचे काय?’ हा प्रश्न मनात घेऊन जगणाऱ्या आई-वडिलांना त्या भावंडाच्याही नोकरीची, संसाराची काळजी असते. मुलाला आधीपासून ओळखणारे, त्याच्या खाणाखुणा समजणारे केंद्रातले एखादे माणूस सोबतीला असेल, तर बहिणीला किंवा भावाला ही जबाबदारी पेलणे शक्य होते. नसेल, तर सारे एका रात्रीत शिकावे लागते.

आपण ग्रामपंचायतीचे सदस्य असल्याचे लिहिले आहे, म्हणून एक विनंती. स्थानिक संस्थांनी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा पाच टक्के निधी बहुधा थेट अर्थसाहाय्यात किंवा साहित्यवाटपात खर्च होतो. त्यातून आठवड्यातील काही दिवस चालणाऱ्या केंद्रासाठी एका मदतनिसाचे मानधन देता येईल का, हा विषय आपण ग्रामसभेत मांडावा. लहान गावाची ही रक्कम तुटपुंजी असते, हे आपण जाणताच. तेव्हा जागेसाठी तालुक्याच्या नगरपरिषदेकडेही पाठपुरावा करावा लागेल. त्यासाठीच्या अर्जाचा मसुदा तयार करायला आणि आपल्या भागातील पालकांना एकत्र बोलवायला मी आनंदाने येईन.