दातांची दाटी आणि ‘मिश्र वंशा’वरचा आरोप

‘आई-वडील वेगळ्या वंशांचे असले की मुलाला जबडा एकाचा लहान आणि दात दुसऱ्याचे मोठे मिळतात, म्हणून दात वेडेवाकडे येतात’ असा दावा सर्रास फिरतो. परदेशी जोडीदार निवडलेल्यांना तो ऐकवला जातो, याचे मला वाईट वाटते, कारण त्याला आधार नाही.

मुळात जबडा एका पालकाकडून आणि दात दुसऱ्याकडून असे अखंड वाटप होत नाही. दातांच्या आणि जबड्याच्या मापांवर अनेक जनुकांचा थोडाथोडा प्रभाव असतो आणि ती दोन्ही पालकांकडून येतात. त्यामुळे मुलाची मापे बहुधा दोघांच्या दरम्यान राहतात. हवाई बेटांवर जपानी, चिनी, युरोपीय आणि मूळ हवाईयन कुटुंबांत परस्पर विवाह पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहेत. तेथील शाळकरी मुलांची जी पाहणी १९७१ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात वंशांच्या मिश्रणामुळे दंतरचनेतील दोष वाढल्याचे दिसले नाही.

दाव्याच्या समर्थनार्थ अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञ चार्ल्स स्टॉकार्ड यांचे, १९४१ साली ग्रंथरूपाने आलेले, कुत्र्यांच्या संकराचे प्रयोग पुढे केले जातात; त्यांत संकरित पिल्लांचे दात-जबडे एकमेकांशी न जुळणारे निघाले होते. कुत्र्यांच्या जातींत मात्र आखूड जबडा, बुटके पाय अशी टोकाची लक्षणे माणसाने मुद्दाम निवडून पक्की केलेली असतात. मानवी समूहांची अशी पैदास कोणी केलेली नाही.

दातांच्या कमानीच्या, म्हणजे जबड्यात दात ज्या वक्र ओळीत बसतात तिच्या, आकारावरून वंश सांगता येतो, हेही अर्धेच खरे आहे. ऑस्ट्रेलियातील आदिवासींचे दात आणि कमानी सरासरीने मोठ्या असतात हे मान्य. पण समूहासमूहांतील मापे एकमेकांत इतकी मिसळतात की एकट्या कमानीवरून व्यक्तीचे मूळ खात्रीने सांगता येत नाही.

‘मग हल्लीच दाटी का वाढली?’ हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर शोधताना वंशाकडे नव्हे, ताटाकडे पाहावे लागते. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट कोरुच्चिनी आणि भारतीय सहकाऱ्यांनी उत्तर भारतातील ग्रामीण व शहरी तरुणांची तुलना १९८३ साली मांडली, तेव्हा मऊ अन्न खाणाऱ्या शहरी मुलांत दातांच्या ठेवणीचे दोष अधिक आढळले. वाढत्या वयात चिवट, भरड अन्न चावताना जबड्याच्या हाडावर जो ताण येतो, तो त्याच्या वाढीला चालना देतो. दुधाचे दात अकाली पडणे, अंगठा चोखणे हीही कारणे आहेतच, आणि त्यांतले एकही लग्नाच्या जोडीदारावर अवलंबून नाही.