बोनेट असं वर का?

ट्रॅक्टर माझ्या जीपला ओढतोय, हा व्हिडिओ बडोद्यातल्या समस्त मराठी घरांतून फिरून झाला आहे. नागपूरच्या आत्यापर्यंतही पोचला. तिने लगेच फोन करून विचारलं, "उन्हात टोपी का नव्हती घातलीस?" व्हिडिओखाली 'बडोद्याची जुनी रेल्वे पुन्हा सुरू' असं लिहिलंय. ज्यांनी लिहिलं त्यांच्यामुळेच जीप रुतली, हे मात्र त्यात कुठेही नाही. ते इथे लिहितो.

जीप म्हणजे सीजे-3बी. महिंद्राने अमेरिकेच्या विलिस कंपनीच्या परवान्यावर इथे बनवलेली, पेट्रोलवरची, वयाने माझ्याहून मोठी. कच्छच्या छोट्या रणात पाटडी-खाराघोड्याकडून मिठाच्या आगरांपर्यंत अगरियांच्या, म्हणजे मीठ पिकवणाऱ्यांच्या, जुन्या वाटा जातात, त्या धरून फिरायचं एवढाच बेत होता. वनखात्याचा परवाना काढला, वाटाड्या घेतला. चाळीसच्या पुढे काटा गेला की या गाडीला दारं नसूनही दारं वाजल्याचा आवाज येतो. रणातलं रानगाढव ताशी 70 किलोमीटरने पळतं. तेव्हा शर्यतीचा प्रश्न नव्हता.

हे रण पावसाळ्यात पाण्याखाली असतं. दिवाळीनंतर वरून सुकतं, दिसायला शहाबादी फरशी, पण पापुद्र्याखाली काळा चिकट गाळ तसाच. ट्रॅक्टर-टँकर जाऊन जाऊन दबलेली चाकोरी तेवढी भरवशाची. आणि सुमारे 5 हजार चौरस किलोमीटरच्या त्या मोकळ्या रणात नेमकी त्या चाकोरीवर एक पांढरी एसयूव्ही आडवी उभी होती. चारही दारं सताड उघडी, रानगाढवांचे फोटो काढणं चालू. मी हॉर्न दिला. एका काकांनी मागे न बघता हात हलवला : बाजूने घ्या.

बाजूने घेतली. वाटाड्या "ना, ना" म्हणेपर्यंत पुढची दोन्ही चाकं आत.

पुढच्या चाकांनाही इंजिनाचा जोर मिळावा म्हणून पुढचे हब लॉक केले, लो गिअर टाकला. चारही चाकं इमानदारीत फिरली, जागच्या जागी. टायरच्या खाचा गाळाने भरून गुळगुळीत झाल्या. मी गुडघ्यावर बसून हाताने गाळ उपसत असताना मागून त्याच काकांचा आवाज आला.

"शिवी ऐकली. म्हटलं, मराठी दिसतात." हातात बडोद्याच्या लिलो चिवड्याचं पाकीट. "बडोद्याचे? कुठे राहता?"

"दांडिया बाजार."

"दांडिया बाजारात कोणाकडचे?"

मी आडनाव सांगितलं.

"त्या नावाची तिथे दोन घरं. सुरसागर तलावाच्या बाजूचे की आतले?"

"सुरसागरच्या बाजूचे. काका, तुमच्या गाडीत दोर आहे का?"

"म्हणजे ज्यांची मुलगी नागपूरला दिली ते!"

"ती माझी आत्या. दोर..."

"सुखी आहे ना?"

मी म्हटलं, सुखी आहे. जीप तेवढ्यात आणखी दोन बोटं खाली गेली.

ओळख पटल्यावर काका 'अहो'वरून 'अरे'वर आले आणि जीपभोवती प्रदक्षिणा घालू लागले. "ठोकली होतीस का रे? बोनेट असं वर का?" कोपरापर्यंत गाळात हात असताना मी समजावलं की या मॉडेलचं बोनेट मुळातच उंच असतं. तिच्या 'हरिकेन' इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणारे इनटेक व्हॉल्व्ह वरच्या हेडमध्ये आणि धूर बाहेर सोडणारे एक्झॉस्ट खालच्या ब्लॉकमध्ये, म्हणून इंजिन उंच झालं आणि त्याच्यासाठी बोनेटही वर न्यावं लागलं. काकांनी सगळं मन लावून ऐकलं. मग म्हणाले, "ठोकून खाली घे ना. आपल्या बडोद्याच्या वाडी भागात एक जण आहे, एकदम सरस काम करतो."

दोराचा विषय मी पुन्हा काढला. दोर होता. एसयूव्हीला ओढायचा हुकही होता. "पण मुलाची गाडी आहे, अजून वॉरंटीत आहे. आणि तुला ओढताना मी रुतलो तर?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, याचाच जास्त राग आला. काकांनी चिवडा पुढे केला. माझे हात बघून परत घेतला आणि स्वतः खात खात सांगू लागले, "आपल्या बडोद्याच्या खंडेराव महाराजांनी 1862 मध्ये डभोई-मियागाम रेल्वे टाकली. नॅरोगेज. आणि ओढायला कोण? बैल! इंजिनाचं काही खरं नसतं बाबा."

शेवटी वाटाड्याच कुठूनसा एका अगरियाला ट्रॅक्टरसकट घेऊन आला. त्याने कोणाकडचे विचारलं नाही, बोनेटकडे पाहिलं नाही. फावड्याने चाकांपुढे उतार काढला, साखळी अडकवली, गाडी चाकोरीवर ठेवली, पाचशे रुपये सांगितले, घेतले आणि गेला. अख्ख्या दिवसात शहाणा माणूस भेटला तो एवढाच. आणि व्हिडिओत त्याची नुसती पाठ आहे.

निघताना काकांनी मुद्द्याला हात घातला : व्हिंटेज नंबर का नाही घेतलास? हे मला दर पेट्रोलपंपावर विचारतात. पन्नाशी उलटलेल्या गाडीला 2021 च्या नियमांप्रमाणे 20 हजार रुपये भरून 'व्हीए'चा नंबर मिळतो. मग ती रस्त्यावर आणायची ती प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं यासाठीच. म्हणजे पेट्रोल भरायला जाता येतं, भरलेलं जाळायला नाही. म्हणून साधा नंबर ठेवला, तर 2022 मध्येच नोंदणीच्या नूतनीकरणाचे 600 चे 5 हजार झाले होते. जुनी गाडी प्रेमाने चालती ठेवणारा माणूस सरकारला गुन्हेगार वाटतो. नवी गाडी वाटेत आडवी लावून दुसऱ्याला गाळात घालणाऱ्याला मात्र कुठलीच फी नाही, नूतनीकरण नाही, काही नाही. यावर विनोद करायचा होता, जमत नाहीये.

काल रात्री काकांचा फोन. नंबर आत्याकडून मिळवला. पुतण्याचं लग्न आहे, नवरदेव उघड्या जीपमधून यावा अशी सगळ्यांची इच्छा.

"बोनेट चांगलं उंच आहे तुझं. हार छान दिसेल."

मी म्हटलं, वाडीतल्या माणसाकडून ठोकून खाली घ्यायचं होतं ना?

"लग्नानंतर घे. आणि ऐन वेळी बंद पडली तरी चालशे. वरात तशीही ढकलतच जाते."

मी म्हटलं, देतो. दोर तुम्ही आणा.