'रफिंग इट' आणि 'निव्वळ थापा' हा आक्षेप

मार्क ट्वेनच्या 'रफिंग इट' (१८७२) या प्रवासवर्णनाबद्दल एक मत सर्रास ऐकू येते. हे पुस्तक म्हणजे निव्वळ थापा, ते करमणुकीपुरते वाचावे, अमेरिकेच्या पश्चिम सीमाप्रदेशाच्या अभ्यासकाने त्याच्या वाटेला जाऊ नये. शिवाय त्यातील मूळ रहिवाशांविषयीची पाने इतकी विखारी आहेत की ते वर्गात शिकवूच नये, असे हे मत आहे. मला ते मुळीच मान्य नाही.

सर्व काही रचलेले आहे, हा आक्षेप सर्वांत कच्चा आहे. जुलै १८६१ मध्ये सॅम्युएल क्लेमेन्स, म्हणजेच पुढचा ट्वेन, नेवाडा प्रदेशाच्या सचिवपदी नेमल्या गेलेल्या आपल्या थोरल्या भावाबरोबर, ओरायनबरोबर, सेंट जोसेफहून टपालगाडीने कार्सन सिटीला निघाला. माणशी १५० डॉलर भाडे, २५ पौंडांची सामानमर्यादा आणि तरीही सोबत घेतलेला जाडजूड शब्दकोश असे बारीक तपशील त्यात आहेत, आणि लिहिताना ट्वेनने ओरायनकडून त्या प्रवासाच्या नोंदी मागवून घेतल्या होत्या. गाडीजवळून भरधाव निघून गेलेला, घोडेस्वारांकरवी टपाल पोचवणाऱ्या पोनी एक्स्प्रेसचा स्वार त्याने टिपला आहे. ही सेवा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बंद पडली, हे लक्षात घेतले की त्या परिच्छेदाचे मोल कळते.

अतिशयोक्ती पुरावा होऊ शकत नाही, हा दुसरा मुद्दा अधिक विचार करण्याजोगा आहे. त्यासाठी टपालमार्गावरील अधिकारी जॅक स्लेड याचे प्रकरण बारकाईने वाचावे. स्लेडने सव्वीस माणसे मारली, ही त्या वाटेवरची वदंता ट्वेन सांगतो. प्रत्यक्ष न्याहारीच्या टेबलावर भेटलेला स्लेड मात्र त्याला अत्यंत सभ्य वाटतो. कॉफीचा शेवटचा पेला स्लेड त्याला देऊ करतो आणि तो घेताना ट्वेनचा जीव मुठीत असतो, कारण दिलेल्या पेल्याचा स्लेडला नंतर पश्चात्ताप झाला तर काय, ही धास्ती असते. पुढे मोन्टानात १८६४ साली स्लेडला जमावाने फाशी दिली, त्याची हकीकत ट्वेन दुसऱ्याच्या छापील वृत्तान्तातून उद्धृत करतो. ऐकीव, पाहिलेले आणि वाचलेले असे तीन थर येथे वेगळे करता येतात, आणि कीर्तीच्या धाकावर माणसे कशी वागत होती हेही दिसते. ते सव्वीसच्या आकड्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा कितीतरी मोलाचे आहे.

चांदीच्या खाणींच्या प्रकरणांनाही हेच लागू पडते. कॉमस्टॉक या खाणपट्ट्यातील चांदी १८५९ मध्ये जाहीर झाल्यावर नेवाडात खाणींचे हिस्से फुटांत मोजून हातोहात फिरत होते. हजारो फुटांचे धनी असलेल्या या भावी कोट्यधीशांना किराणा दुकानदार उधारी देत नव्हता, हे ट्वेन हसत हसत सांगतो. सट्ट्याचे वेड आणि रोजची चणचण यांचे नाते कोरड्या आकडेवारीतून इतके थेट समजत नाही. विनोद हेच येथे साक्षीचे साधन आहे.

पुस्तक विस्कळीत आहे, ही तक्रार मान्य करावी. हवाई बेटांवरचा शेवटाकडचा भाग १८६६ च्या वृत्तपत्रीय पत्रांवर बेतलेला आहे आणि तो सांधा दिसतो. त्याने आधीच्या भागाचे मोल मात्र घटत नाही.

शेवटचा आक्षेप गंभीर आहे. एकोणिसाव्या प्रकरणातील गोशूट या मूळ रहिवासी जमातीचे चित्रण निंद्य आहे आणि त्याचे समर्थन करता येत नाही. परंतु चौपन्नावे प्रकरण त्याच्या शेजारी ठेवून पाहावे: व्हर्जिनिया सिटीतील चिनी लोकांच्या कष्टाळूपणाची ट्वेन तेथे मनापासून कदर करतो, आणि गोऱ्याची साक्ष चिनी माणसाचा जीव घेऊ शकते पण चिन्याची साक्ष गोऱ्याविरुद्ध चालत नाही, या अन्यायावर स्पष्ट बोट ठेवतो. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८५४ मध्येच अशी साक्ष अग्राह्य ठरवली होती. एकाच लेखकाला एकाचे दुःख दिसले आणि दुसऱ्याचे का दिसले नाही, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवायचा असेल तर दोन्ही प्रकरणे त्यांच्या हाती द्यावीच लागतील. त्यांच्याबरोबर, गोशूटांच्या रखरखीत भूमीतून हीच टपालवाट जात होती आणि १८६३ मध्ये त्यांच्याशी तह करावा लागला, हेही सांगितले पाहिजे. कारण ट्वेनने ज्या माणसांना केवळ भिकारी म्हणून पाहिले, त्यांच्याच प्रदेशातून तो प्रवास करत होता.